मऊ प्लॅस्टिक कचरा
दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, वेफर्सची पाकिटे अशा पातळ, लवचिक प्लॅस्टिकचा शहरी कचरा. वर्गीकरणात खरा फरक थरांचा असतो. दुधाची पिशवी पॉलिथिनची. ती धुऊन, वितळवून तिचे दाणे करता येतात. वेफर्सच्या पाकिटात निरनिराळ्या प्लॅस्टिकचे थर व धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून असा माल बहुधा सिमेंट भट्ट्यांत जळणासाठी जातो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य घरोघरचा कचरा गोळा करून हाताने निवडतात. खरकटे लागलेली पिशवी भंगारात कवडीमोल ठरते. दुधाच्या पिशवीचा कापून वेगळा केलेला कोपरा तर निवडताना हाती लागतच नाही. म्हणून तो पिशवीलाच जोडलेला ठेवावा.