एक घोडा, पन्नास खंड आणि नालबंद

बसऱ्यात दोन विद्वान होते. एकाचे नाव अल-असमई, दुसऱ्याचे अबू उबैदा. हारून अल-रशीदच्या काळातली ही माणसे. दोघेही अरबी भाषेचे मोठे जाणकार, आणि दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. दोघांनीही घोड्यावर पुस्तक लिहिले होते आणि दोन्ही पुस्तकांचे नाव एकच, 'किताब अल-खैल'.

एकदा वजीर फज्ल इब्न रबीने दोघांना विचारले, तुमचे घोड्यावरचे पुस्तक केवढे आहे? असमई म्हणाला, एक खंड. अबू उबैदा म्हणाला, पन्नास. वजिराने एक घोडा आणवला आणि अबू उबैदाला सांगितले की उठा, आपल्या पुस्तकातली नावे वाचत चला आणि त्या त्या अवयवावर हात ठेवत चला. अबू उबैदाने नकार दिला. मी काही जनावरांचा वैद्य नाही, म्हणाला. हे सगळे मी अरबांकडून ऐकून घेतले आहे. मग असमई उठला. त्याने घोड्याची आयाळ धरली आणि डोक्यापासून खुरापर्यंत एकेका अवयवाला हात लावत त्याचे नाव आणि त्यावरची जुनी कविता म्हणत गेला. वजिराने तो घोडा त्यालाच देऊन टाकला. पुढे अबू उबैदाला चिडवायची लहर आली की असमई मुद्दाम त्याच घोड्यावर बसून त्याच्याकडे जात असे.

ही गोष्ट खुद्द असमईच्या तोंडची आहे, तेव्हा तिच्यात थोडे मीठमसाला असणारच. शिवाय मला अबू उबैदाची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्याला जे येत नाही ते येत नाही असे भर दरबारात सांगणारा विद्वान रोज भेटत नाही. त्याचे ते पुस्तक पुढे छापले गेले तेही आपल्याच दख्खनमध्ये. 1939 साली हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने ते प्रसिद्ध केले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. बसऱ्याच्या विद्वानाने बदू लोकांकडून ऐकून टिपलेले घोड्याच्या अवयवांचे शब्द हजारेक वर्षांनी निजामाच्या राजधानीत खिळ्यांच्या अक्षरांत जुळवले गेले.

आज 'मुसलमान आणि घोडा' असे दोन शब्द जवळ आले की पुढचे चित्र ठरलेले असते. उधळलेली धूळ, उपसलेली तलवार, स्वारी. चित्रपटांनी आणि चौकातल्या फलकांनी ते पक्के करून ठेवले आहे. ते सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही, घोडा हे त्या काळी युद्धाचे साधन होतेच. पण जुन्या ग्रंथालयांच्या याद्या चाळल्या की वेगळाच घोडा समोर येतो. इब्न अल-कल्बीने घोड्यांच्या वंशावळी लिहिल्या, अगदी घराण्यांच्या लिहाव्यात तशा. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या पागेचा अधिकारी इब्न अखी हिजाम याने घोडेस्वारी आणि अश्ववैद्यक यांवर ग्रंथ लिहिला, आणि पुढची कित्येक शतके लोक त्याच्या नकला करत, त्यात भर घालत राहिले. कुराणाची शंभरावी सूरा धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते, तेव्हा या प्राण्याबद्दलची ओढ केवळ दरबारी नव्हती.

या सगळ्यांत माझे आवडते पुस्तक म्हणजे बगदादचे 'किताब अल-बैतरा'. बैतरा म्हणजे जनावरांचे वैद्यक, आणि ते करणारा तो बैतार. हा शब्दही मुळात अरबी नाही, तो ग्रीकांकडून आला. ग्रंथाचा लेखक अहमद इब्न हुसैन इब्न अल-अहनफ. त्याची 1209 साली केलेली एक सचित्र प्रत कैरोच्या दार अल-कुतुब ग्रंथालयात आहे आणि लगेच पुढच्या वर्षाची दुसरी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहात. बगदादमध्ये तयार झालेल्या, साल माहीत असलेल्या सचित्र हस्तलिखितांत ही अगदी सुरुवातीची.

त्यातली चित्रे साधी आहेत. मागे महाल नाही, डोंगर नाही. पायाखाली गवताची एक पट्टी, तिच्यावर घोडा आणि त्याच्याजवळ माणूस. कुठे घोडेस्वार दौडताना दिसतात, पण बाकी पानांवर घोडा हा रोगी आहे. कोणी त्याला धरले आहे, कोणी औषध देत आहे. माणसांच्या डोक्यामागे गोल प्रभावळ आहे. आपल्याला वाटेल, हे कोणी संत असावेत. पण त्या काळच्या बगदादी चित्रांत ती कुणाच्याही डोक्यामागे काढत. तरी मोतद्दाराच्या डोक्यामागे ती पाहून बरे वाटते.

कैरोच्या प्रतीवर नक्कल करणाऱ्याचे नाव आहे, अली इब्न अल-हसन इब्न हिबतुल्लाह. लेखकाचे नाव आहे. घोड्याची मान कशी वळते आणि दुखरा पाय तो कसा उचलून धरतो हे ज्याने पाहिले त्या चित्रकाराचे नाव नाही. आणि ज्याला पाहून त्याने ते काढले त्या बैताराचे तर नसणारच. 1258 साली मंगोलांनी बगदाद लुटले, तिथली ग्रंथालये गेली. या दोन प्रती वाचल्या म्हणून आपल्याला निदान त्याचा हात तरी दिसतो.

बैताराचा हात नसला की काय होते, हे त्याच शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले आहे, आणि तेही हिंदुस्थानाबद्दल. होर्मुझ, धोफार, एडन इथले व्यापारी दरवर्षी जहाजे भरून घोडे माबारला, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणत. राजे भरमसाट किंमत देत. वर्ष संपता संपता त्यांतले मोजकेच जिवंत राहत, कारण त्यांना कसे सांभाळावे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालत. मार्को पोलो पुढे म्हणतो की व्यापारी अश्ववैद्यांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपणार! व्यापाऱ्यांचा डाव खरा की प्रवाशाने ऐकलेली बंदरावरची कुजबुज, कोण जाणे. पण घोड्याबरोबर त्याची विद्याही यावी लागते, हे त्याने अचूक हेरले. आपल्या दाभोळ आणि चौल बंदरांतही असेच अरबी घोडे उतरत, आणि बहमनी सुलतानांपासून विजयनगरपर्यंत सर्वांना ते हवे असत.

विद्या केवळ बाहेरूनच आली असेही नाही. संस्कृतात शालिहोत्राची परंपरा होतीच. शाहजहानच्या दरबारातला सरदार अब्दुल्ला खान फीरोज जंग याने तिच्यातला ग्रंथ फारसीत आणला, आणि 1788 साली कलकत्त्यात त्या फारसीवरून इंग्रजी भाषांतर छापले गेले. पंडित, सरदार, मग कंपनीच्या काळातला इंग्रज, अशी त्याची वाटचाल. शालिहोत्र हे ऋषीचे नाव लोकांच्या तोंडी घासून 'सलोतरी' झाले आणि त्याचा अर्थ झाला घोड्याचा डॉक्टर. असे सलोतरी कित्येकदा मुसलमान असत. आपण एका ऋषीचे नाव धंदा म्हणून चालवतो आहोत, हा विचारही त्यांच्या मनात येत नसेल.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावाने चालणारे 'अश्वशास्त्र' सचित्र आहे. भोसल्यांच्या घराण्याने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीने वाढवलेले हे ग्रंथालय. आणि दिल्लीचा सआदत यार खान रंगीन? उर्दूच्या विद्यार्थ्यांना तो रेख्तीचा, म्हणजे बायकांच्या बोलीतल्या चावट कवितेचा कवी म्हणून माहीत असतो. पण तो शिपाईगिरीही करायचा, घोड्यांचा व्यापारही करायचा, आणि त्याने 'फरसनामा' लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर 1911 साली लंडनमध्ये निघाले. असमईसारखाच हाही दोन्हीकडचा माणूस.

आपल्या मराठीत घोडा आला की किती शब्द तिकडचे येतात पाहा. पागा, तबेला, लगाम, रिकीब, जीन, खोगीर, चाबूक, बारगीर, शिलेदार. हे शब्द पंडितांनी कोशातून आणले नाहीत, ते तबेल्यातून आले. आणि 'नालबंद'. हा धंदाही आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मुसलमान घरांचे आडनावही. फौजा गेल्या, घोडे कमी झाले, तेव्हा या लोकांनी बैलांना नाल ठोकायला घेतले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. अरबी ग्रंथात ही विद्या सापडायची नाही, ती इथेच, आठवडी बाजारात घडली.

लहानपणी बाजारच्या दिवशी मी ते काम तासनतास बघत बसायचो. मोठेपणी, असमईची गोष्ट वाचून झाल्यावर, एकदा त्याच जागी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या नालबंदाला मी वहीपेन काढून विचारले, "चाचा, खुराच्या एकेका भागाला काय म्हणता तुम्ही?" त्यांनी वहीकडे पाहिले. दोराने पाडलेल्या बैलाचा पाय मांडीवर घेतला, माझे बोट धरले आणि खुरावर एका जागी टेकवले. "इथपर्यंत खिळा जातो," म्हणाले. मग बोट केसभर वर सरकवले. "इथे गेला तर जनावर महिनाभर उठत नाही."

मला दोन्ही जागा सारख्याच वाटल्या. त्यांनी पाय सोडला, कानस उचलली आणि पुढच्या बैलाच्या मालकाला हाक मारली.