अवशिष्ट प्रतिबल व अब्जांश पूरके

संमिश्र द्रव्याच्या (रेझिन व त्यात बसवलेले तंतू यांच्या) वस्तूवर बाहेरचा कोणताही भार नसताना तिच्या आत साठून राहिलेल्या ताणास किंवा दाबास ‘अवशिष्ट प्रतिबल’ म्हणतात. ते घटवण्यासाठी रेझिनमध्ये नॅनोमीटर मापाचे कण, नलिका किंवा पापुद्रे मिसळतात. ही अब्जांश पूरके होत.

कारणे : इपॉक्सी रेझिन घट्ट (पक्व) होताना त्याचे घनफळ सु. २ ते ७ टक्के घटते. पुढे निवताना रेझिन व तंतू सारखे आखडत नाहीत. दर अंश सेल्सियसला इपॉक्सीचा प्रसरणांक सु. ५५ × १०⁻⁶, काचतंतूचा सु. ५ × १०⁻⁶, तर कार्बन तंतूचा लांबीच्या दिशेने शून्याच्या किंचित खाली असतो. १८०° से.ला पक्व केलेला भाग २५° से.पर्यंत निवला, तर मीटरभर मोकळे रेझिन सु. साडेआठ मिमी. आखडेल, कार्बन तंतू जवळजवळ तेवढाच राहील. दोघे एकमेकांना जखडलेले असल्याने रेझिन ताणले जाते, तंतू दाबला जातो. परिणामी सूक्ष्म भेगा पडतात, थर सुटतात, भाग वाकडा होतो.

मापन : ०° व ९०° दिशांचे थर असममित रचून केलेली पातळ पट्टी साच्यातून निघताच कौलासारखी बाक धरते. या बाकावरून प्रतिबल काढता येते. तयार भागात बारीक भोक पाडून भोवतालची विकृती (मापांतील बदल) विकृतिमापकाने मोजण्याचीही पद्धत आहे.

कार्य : कार्बन नलिका, ग्राफीन व सिलिका यांचा प्रसरणांक इपॉक्सीहून पुष्कळच कमी असतो. त्यामुळे पूरकयुक्त रेझिन कमी आखडते. झिरकोनियम टंग्स्टेट तर तापवल्यावर आकुंचन पावते. मात्र पूरकाने रेझिन ताठरही होते आणि ताठरपणाबरोबर प्रतिबल वाढते. आकुंचनातील घट या वाढीवर मात करील, तरच उपयोग.

मर्यादा : कार्बन नलिकांचे प्रमाण बहुधा वजनाच्या एक टक्क्याच्या आतबाहेर ठेवतात. त्याहून अधिक घातल्यास रेझिन दाट होते, गुठळ्या होतात आणि भेगा तिथूनच सुरू होतात. निर्वाताच्या साहाय्याने रेझिन ओढताना तंतूंचे कापड गाळणीचे काम करते व पूरके एका बाजूला अडकतात.

जाड भागांचा प्रश्न : रेझिन पक्व होताना स्वतः उष्णता सोडते. जाड भागात गाभा पृष्ठभागापेक्षा अधिक तापतो व प्रतिबलात भर पडते. उदाहरणार्थ, संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) पुण्यातील दिघी येथील संशोधन व विकास आस्थापनेने (अभियंते) आरेखित केलेला आणि गोव्याच्या किनेको कंपनीने घडवलेला युद्धनौकेच्या सोनार यंत्रणेवरील (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या) संमिश्र घुमट २०१६ मध्ये नौदलाकडे सुपूर्द झाला. अशा मोठ्या संमिश्र भागांच्या आरेखनात अवशिष्ट प्रतिबलाचा विचार टाळता येत नाही. तापमान टप्प्याटप्प्याने चढवणे, सावकाश निववणे आणि थरांची रचना सममित ठेवणे हे मूळ उपाय होत. पूरके त्यांच्या जोडीला वापरायची असतात.