आपला पिढीजात व्यवसाय : कल्याण-ठाकुर्लीच्या बागेसरीची कहाणी



स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे वाचतो, आणि ते योग्यच आहे. मुरबाड येथे १८०३ साली जन्मलेल्या नामदार जगन्नाथ शंकरशेट यांनी मुंबईतील शिक्षणाचा आणि आगगाडीचा पाया घालण्यास जो हातभार लावला, त्याचा अभिमान कोणास वाटणार नाही? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ पासून, कल्याणपर्यंत धावू लागली आणि ठाकुर्लीच्या भातशेतांतून लोखंडी रूळ गेले. नानांची चरित्रे लिहिली गेली, पुतळे उभे राहिले. परंतु ज्या शेकडो घरांच्या ओसरीवर बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, धगधगत होती, त्या घरांतील कर्त्या पुरुषांचे चरित्र कोणी लिहिले? आपल्याच भागातील त्या कारागिराचे काम व त्याचा दिनक्रम यांची थोडी ओळख नव्या पिढीस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. कल्याण हे फार प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख सापडतो. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत जे ब्राह्मी शिलालेख आहेत, त्यांत दात्यांच्या गावांमध्ये कल्याणचे नाव पुन्हा पुन्हा येते. त्यांपैकी एक लहानसा लेख आपल्या दृष्टीने मोठ्या मोलाचा आहे. कल्याणचा सुवर्णकार सामिदत, म्हणजे स्वामिदत्त, याने पाण्याची पोढी दान दिली, अशा अर्थाचा तो लेख आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. हा सामिदत आपल्या ज्ञातीचा होता असे म्हणण्यास काहीच आधार नाही. बौद्ध संघास दान देणारा तो एक उपासक होता. पण त्याचा धंदा तो आपलाच धंदा. त्याने घडविलेला एकही दागिना आज उरलेला नाही. त्याचे नाव उरले ते सोन्यावर नव्हे, तर दगडावर. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

दुसरे नाव अर्थातच संत नरहरी सोनार यांचे. माघ वद्य तृतीयेस आपण त्यांची पुण्यतिथी पाळतो. पंढरपूरच्या या शिवभक्ताने विठ्ठलाच्या कमरेसाठी पट्टा घडविला. एकदा तो लांब झाला, एकदा आखूड. तेव्हा डोळे बांधून माप घेता घेता त्यांना हरी व हर यांचे ऐक्य उमगले, ही कथा आपल्या घरातील लहान मूलही सांगते. आपण त्यात भक्ती पाहतो. परंतु एका जुन्या कारागिराच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. गिऱ्हाईक कमरपट्टा परत घेऊन आले, तेव्हा नरहरींनी वाद न घालता तो पुन्हा घडविला आणि अखेरीस माप घेण्यास स्वतः गेले. मापात चूक होता कामा नये, हा आपल्या धंद्याचा पहिला धर्म होय. नरहरींच्या अभंगवाणीतही धंद्यातील हत्यारेच दृष्टांतरूपाने आली आहेत.

आता कामाकडे येऊ. सोने मुशीत घालून त्यावर सवागी टाकावयाची, म्हणजे मळ वेगळा होऊन रस मोकळा होतो. शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. पण जुन्या सोनाराजवळ उष्णतामापक नव्हता. रसाच्या पृष्ठावरची झळाळी पाहून तो ओतण्याची वेळ ओळखीत असे. ओतलेली कांब ऐरणीवर ठोकावयाची, कडक झाली की पुन्हा तापवून मऊ करावयाची. तार हवी असेल तर जंत्रीतून, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, ती एकामागून एक भोकात ओढावयाची. सोन्याचा तन्यपणा एवढा की एका ग्रॅमपासून दोन किलोमीटरांहून लांब तार निघू शकते. मग डाख लावण्याचे काम. दिव्याच्या ज्योतीवर तोंडातील फुंकणीने वारा धरून ती ज्योत सुईसारखी बारीक करावयाची आणि नेमक्या सांध्यावर टेकवावयाची. डाखाचे सोने दागिन्याच्या सोन्याहून लवकर वितळणारे असते. क्षणभर अधिक वेळ गेला तर डाखाबरोबर दागिनाही वितळावयाचा. या वेळी सोनार श्वास नाकाने घेतो आणि गालांत साठवलेली हवा न तुटता फुंकणीतून सोडीत राहतो. हे कोणत्याही पुस्तकावरून शिकता येत नाही. बापाच्या शेजारी बसून, गाल दुखेपर्यंत फुंकूनच ते साधते.

याच हातांनी ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, बुगडी, नथ, पाटल्या, गोठ आणि तोडे घडले. आपल्या भाषेलाही या धंद्याने पुष्कळ दिले आहे. माणूस कसास उतरतो, एखादा बावनकशी निघतो, विचार मुशीतून तावून निघतात, उपदेश गुंजभरही उपयोगी पडत नाही. असे बोलताना बोलणारास बागेसरीची आठवण नसते, पण शब्द तेथलेच आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक मेट्रिक मापे येईपर्यंत प्रत्येक सोनाराच्या मुलाला तोंडपाठ असे. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज दुकानात आपण तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा.

ठाकुर्लीच्या सोनाराचे जीवन कसे होते, हे मी माझ्या कैलासवासी वडिलांवरून सांगू शकतो. रेल्वेची वसाहत, चोळे गावाजवळचे वीजघर आणि आसपासची आगरी गावे, यांच्यामध्ये त्यांची एका खोलीची पेढी होती. पेढी हा शब्दही मोठाच. पाट, ऐरण, बागेसरी, काचेचा लहानसा काटा आणि भिंतीवर नरहरी महाराजांची तसबीर, एवढाच तेथला पसारा. रेल्वेच्या आगगाड्यांना वीज पुरविणाऱ्या त्या वीजघरातील कामगार पगाराच्या दिवशी येत आणि मुलीच्या लग्नासाठी मासा-दोन मासे सोने हप्त्याने साठवीत. शेतकरी भात झोडून झाल्यावर येत. दिवाळीपासून वैशाखापर्यंत रात्रीचे दिवे जळत. आषाढात मात्र काम नसे, आणि त्या दिवसांत फुटक्या पैंजणांना डाख लावण्यावर घर चाले. बारशाच्या सुमारास बाळाचे कान टोचावयासही तेच जात. सोनारानेच कान टोचावे, ही म्हण आमच्या घरी नुसती म्हण नव्हती.

आपल्या धंद्याची निंदाही झाली आहे, ती लपविण्याचे कारण नाही. सोनारास शिंप्याच्या व कुलकर्ण्याच्या पंक्तीस बसवून त्यांची संगत नको म्हणणारी म्हण सर्वांस ठाऊक आहे. काही जणांनी ती खरी करून दाखविली, हेही मान्य केले पाहिजे. म्हणूनच गिऱ्हाईक समोर बसून आपले सोने डोळ्यांदेखत वितळवून घेई. वडिलांना त्याचा राग येत नसे. “तिने चार वर्षे पोटाला चिमटा घेतला आहे, तिने पाहिलेच पाहिजे,” असे ते म्हणत. कानशीखाली पडलेला कीस मांडीवरच्या कापडातून टिपून ते गिऱ्हाइकाच्या हिशेबात धरीत. खोलीतील केरसुद्धा फेकला जात नसे. वर्षातून एकदा झारेकरी येई, राख व माती धुऊन तिच्यातील कण वेगळे काढी.

त्यांना एकाच कामाचे दुःख होई. कोणी जुना डाग मोडावयास आणला की तो मुशीत घालण्यापूर्वी ते उलटसुलट करून पाहत. “हा हात कोकणातला दिसतो,” किंवा “याचा रवा फार नीट बसविला आहे,” असे काही पुटपुटत आणि मग तो आगीत सोडीत. आपल्यासारख्याच कोणा अनामिक कारागिराचे महिन्यांचे काम आपल्या हाताने पुसून टाकावयाचे, हे सोनाराच्या कपाळी लिहिलेले असते. चित्रकाराचे चित्र राहते, पाथरवटाची मूर्ती राहते. सोन्याला किंमत आहे म्हणूनच सोनाराची कला राहत नाही.

या जीवनावर मोठा आघात झाला तो १९६३ साली. चीनच्या आक्रमणानंतर देशास परकीय चलनाची निकड होती, सोन्याची चोरटी आयात चालू होती. तेव्हा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत, भारत संरक्षण नियमांखाली, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. १४ कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे शंभर भागांत सुमारे ५८ भाग सोने. असे सोने कठीण होते, रंगास उतरते, हाताखाली वळत नाही. आणि मंगळसूत्रासाठी ते कोणी घेईना. हेतू राष्ट्राचा होता, पण भार पडला तो रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यावर. देशभर सुवर्णकार बेकार झाले आणि त्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या.

मी तेव्हा अगदी लहान होतो. पुढील हकीकत आईने सांगितलेली. वडील एका कारखान्यात हजेरीवर जाऊ लागले. ऐरणीस तेल लावून ती फडक्यात गुंडाळून ठेवली आणि बागेसरीवर टोपली उपडी घातली. संध्याकाळी घरी आल्यावर ते कोणाशी न बोलता फुंकणी पुसून पुन्हा जागेवर ठेवीत. त्याच वर्षी सप्टेंबरात गिऱ्हाइकांच्या जुन्या दागिन्यांतून नवे घडविण्यास सवलत मिळाली आणि १९६६ च्या नोव्हेंबरात १४ कॅरेटचे बंधन उठले. तेव्हा ते परत पाटावर बसले. परंतु १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने दाखला, नोंदवह्या व तपासणी कायम राहिली. पुढे माझे अक्षर बरे म्हणून ती नोंदवही मीच लिहीत असे. आलेले सोने, गेलेले सोने, घट. एके रात्री वही मिटताना वडील म्हणाले, “तुझा हात लेखणीला बरा आहे. तो तेथेच राहू दे.” त्या एका वाक्याने आमच्या घरातील पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा संपला. आपल्या ज्ञातीतील किती घरांत असेच कोणी तरी असेच काही बोलले असेल!

तो कायदा अखेर १९९० साली रद्द झाला. तोवर पुष्कळ मुले मास्तर, कारकून, रेल्वेनोकर झाली होती. त्यात वाईट झाले असे मी म्हणणार नाही. लेखणीनेच आम्हांस पोसले. परंतु परत फिरावयास वाटच उरली नव्हती, कारण शेजारी बसवून शिकविणारा बाप आता पाटावर नव्हता. आज झवेरी बाजारात बंगालकडील कारागीर मोठ्या संख्येने काम करतात आणि साच्यांतून, यंत्रांतून दागिने निघतात. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क २००० साली आला आणि जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. प्रत्येक डागावर सहा अक्षरांकांची खूण असते. ती सुधारणा ग्राहकाच्या हिताची आहे. वडील असते तर त्यांनी तिचे स्वागतच केले असते. मात्र तिच्यावरून शुद्धता कळते, विकणारा पेढीवाला कळतो. घडविणाऱ्या हाताचे नाव तिच्यातही नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ठाकुर्लीचे जुने घर पाडून इमारत झाली, त्या वेळी ऐरण व जंत्री मी भंगारवाल्यास देऊन टाकली. जागा नाही, हे कारण मी स्वतःस सांगितले. वडील निदान जुना डाग उलटसुलट करून पाहत आणि मग मुशीत घालीत. मी तेवढेही केले नाही. आज त्या जंत्रीस किती भोके होती, असे नातवाने विचारले तर मला सांगता येत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे. आपल्या घरी आजोबांची फुंकणी, काटा, कसोटीचा दगड, ठसे, जुनी वही असे काही असेल तर ते मोडीत घालू नका. ज्यांच्या घरी काही उरले नसेल त्यांनी एक पान लिहावे : आजोबांचे नाव, त्यांचे गाव, पेढी कोठे होती, कोणता दागिना घडविण्यात त्यांचा हातखंडा होता, धंदा केव्हा व का सुटला. घरातील वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावे. कोणता डाग कोणी घडविला हे त्यांच्याच लक्षात असते. अशी पाने संस्थेने एकत्र बांधून ठेवली, तर तो आपल्या ज्ञातीचा खरा इतिहास होईल.

कल्याणच्या सामिदताने आपली एक ओळ खडकावर कोरून ठेवली, म्हणून अठराशे वर्षांनीही आपण त्यास नावाने ओळखतो. आपल्या वाडवडिलांस निदान कागदावर तेवढी एक ओळ मिळावी, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतो.