सांधा जुळवितांना

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंड हें मोठें जंक्शन आहे. येथून एक फांटा मनमाडकडे जातो व दुसरा बारामतीकडे. बारामतीचा फांटा १९१४ सालीं सुरू झाला, तो अडीच फुटी अरुंद रुळांचा. मुख्य मार्गाचे रूळ मात्र साडेपांच फुटी. माल तोच, पण एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. ही अडचण संपली ती पुढें तो फांटाच रुंद झाला तेव्हां. संगणकाच्या इतिहासांतहि असाच एक सांधा आहे.

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत सी ही भाषा सिद्ध केली व १९७३ सालीं युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या भाषेंत पुन्हां लिहिली गेली. सी भाषेंतील प्रोग्रॅम कोणत्याहि यंत्रावर नेतां येतो, अशी तिची ख्याति झाली. ख्याति खरी, पण अर्धी. भाषा एक असली तरी ज्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागावयाचें, तिचे रीतिरिवाज निराळे असतात.

हें विशेष जाणवलें तें घटना हाताळणाऱ्या लायब्ररींच्या बाबतींत. येथें लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर इतर प्रोग्रॅमांच्या उपयोगाकरितां सिद्ध केलेला आज्ञांचा संच. हजारों लोकांशीं एकाच वेळीं बोलणाऱ्या सर्व्हरला कोणाचा निरोप आला हें तत्काळ कळावें लागतें. १९८३ सालीं बर्कलेच्या युनिक्समध्यें यासाठीं ‘सिलेक्ट’ ही सोय आली. पण ती प्रत्येक वेळीं सारी यादी तपासावयास लावी. गर्दी वाढतांच ती अपुरी पडली. फ्रीबीएसडीनें २००० सालीं ‘केक्यू’ आणि लिनक्सनें २००२ सालीं ‘ईपोल’ ही सोय काढली. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून नील्स प्रोव्होस यांनीं २००० सालीं आरंभिलेल्या ‘लिबइव्हेंट’ लायब्ररीनें मधल्या दुभाष्याचें काम पत्करलें.

युनिक्सच्या कुळांत हें निभावलें. विंडोजकडे वळतांच सांधा अडला. तेथें जाळ्याची जोडणी बंद करण्याची आज्ञा वेगळी, चूक विचारण्याची रीत वेगळी, आणि ‘सिलेक्ट’ची मूळ मर्यादा अवघी ६४ जोडण्यांची. हीं नांवें बदलून प्रोग्रॅम कंपाइल होई. पण कंपाइल होणें म्हणजे नीट चालणें नव्हे.

खरा भेद विचाराचा होता. युनिक्सची पद्धत अशी: स्टेशनमास्तर सांगतो, “गाडी फलाटाला लागली आहे, माल तुम्ही उतरवून घ्या.” विंडोज एनटीनें १९९४ सालीं ३.५ या आवृत्तींत जी पद्धत आणली, तींत व्यापारी आपल्या वखारीची जागा आधींच नेमून देतो आणि स्टेशनमास्तर शेवटीं कळवितो, “माल वखारींत पोंचला.” एकांत तयारीची वर्दी, दुसऱ्यांत पूर्ततेची. पहिल्या रीतीवर रचलेली लायब्ररी दुसरीवर बसवितांना शब्द नव्हे, घडण बदलावी लागते.

या पेचाला थेट भिडावें लागलें तें ‘नोड’ला. रायन डाल यांनीं २००९ सालीं रचलेला हा कार्यक्रम मार्क लेहमन यांच्या ‘लिबइव्ह’वर, म्हणजे युनिक्सच्या रीतीवर, उभा होता. विंडोजवर तो आरंभीं युनिक्सचें सोंग घेणाऱ्या ‘सिग्विन’च्या आधारानें चाले, पण तो आधार कुबडीसारखाच होता. कुबडी टाकावी तर पायाच नवा घालावा लागणार होता. २०११ सालीं बर्ट बेल्डर आदि मंडळींनीं तें धैर्य केलें व ‘लिबयूव्ही’ ही नवी लायब्ररी पुढें आली. तिनें पूर्ततेची रीत वरच्या थरावर सर्वांसाठीं सारखी ठेविली. युनिक्सवर माल उतरविण्याचे श्रम लायब्ररीनें स्वतः पत्करले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘नोड’ विंडोजवर आपल्या पायांवर उभा राहिला.

गंमत पुढेंच आहे. २०१९ सालीं लिनक्सनें ‘आयओ-यूरिंग’ ही सोय स्वीकारली, आणि तीहि पूर्ततेचीच वर्दी देते. जी रीत युनिक्सच्या कुळाला परकी वाटे, तिलाच लिनक्सनें घरांत जागा दिली. डब्यांना नवा रंग दिल्यानें रुळांची रुंदी बदलत नाहीं. ज्यांनीं हें ओळखून मार्गच नव्यानें घातला, त्यांची गाडी दोन्ही प्रांतांत चालली.