‘आपल्यात असंच असते’ हा कायदा नव्हे

नेर तालुक्यातल्या गावोगावच्या बचत गटांपर्यंत आमचा आवाज पोचतो आहे. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

बाप गेला की तेरवी होते. पाहुणे परततात. मग एक दिवस सासरी निरोप येतो, “ताई, एक सही पाहिजे.” ताई जाते. सही कशाची, हे पुष्कळदा तिला कागद पुढे आल्यावरच कळते. तो हक्कसोडीचा असतो, म्हणजे बापाच्या वावरातला आपला हिस्सा मी सोडला असं लिहून देणारा. ताईनं विचारलंच, तर उत्तर तयार असते : “आपल्यात पोरी वावर घेत नाहीत. आपल्यात असंच असते.”

आज आम्हाला या ‘असंच असते’चा इतिहास सांगायचा आहे. हा नियम कोणी केला, केव्हा केला आणि आज तो कायदा आहे का, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या देशाचा कायदा एका जागेहून आलेला नाही. विहिरीला दोन-तीन बाजूंनी झरे लागतात, तसं त्याचं आहे. एक झरा धर्मशास्त्राचा, शरियतचा आणि जातीजमातीच्या रूढीचा. दुसरा इंग्रजी न्यायालयांचा, जिथे मागच्या निकालावरून पुढचा निकाल दिला जातो. तिसरा संसद आणि विधिमंडळानं लिहून केलेल्या कायद्यांचा. या सगळ्यांवर संविधान. फ्रान्सनं १८०४ साली एका ग्रंथात नागरी कायदा लिहून काढला. इंग्लंडचा कायदा बराचसा न्यायाधीशांच्या निकालांतून वाढला. आपल्याकडे हे दोन्ही आलं आणि त्यात धर्माचा कायदाही राहिला. अशा कायद्याला जाणकार ‘मिश्र पद्धती’ म्हणतात.

आता जुन्या झऱ्यापासून सुरुवात करू. सुमारे ९०० वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. त्यानं याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली, तिचं नाव ‘मिताक्षरा’. मुलगा जन्मताच वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार होतो, हा विचार तिच्यातला. मुलीला तो जन्मसिद्ध हिस्सा नव्हता. पण त्याच विज्ञानेश्वरानं स्त्रीधनाचा अर्थ फार मोठा केला. बाईला वारसानं, खरेदीनं किंवा वाटणीनं जे मिळालं, तेही तिचं स्त्रीधन, असं त्यानं लिहिलं.

बंगालात ‘दायभाग’ नावाचा वेगळा ग्रंथ चाले. त्यात मुलाला जन्मानं हिस्सा नव्हता, बाप गेल्यावरच मिळे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टानं ‘व्यवहारमयूख’ लिहिला. त्याचं घराणं मूळ पैठणचं, पुढे काशीला गेलेलं. त्यानं बहिणीला वारसांच्या ओळीत वरची जागा दिली आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं पुढे तो ग्रंथ मानत. म्हणजे शास्त्र म्हणून जे सांगतात, त्यातही एकवाक्यता नव्हती. गावात तर रोजचा तंटा ग्रंथ उघडून मिटतच नसे. तो गोतसभेत, पंचांपुढे मिटे आणि निवाड्याचा महजर लिहून होई.

मग इंग्रज आले. १७७२ साली बंगालात वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं, की लग्न, वारसा आणि जातीच्या बाबतीत हिंदूंना शास्त्र लावायचं आणि मुसलमानांना कुराण. न्यायाधीश इंग्रज, त्यांना संस्कृत येईना, अरबीही येईना. म्हणून कोर्टात पंडित आणि मौलवी ठेवले. १८६४ साली त्यांनाही काढलं. तोवर भाषांतरं झाली होती आणि जुने निकाल हाताशी होते. त्यापुढे शास्त्राचा अर्थ इंग्रजी निकालांतून लागू लागला. जिथे शास्त्रात काही सापडत नसे, तिथे ‘न्याय, समता आणि सद्सद्विवेक’ या तत्त्वानं निकाल द्यावा, असाही नियम होता. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

या उलथापालथीत बाईचं काय झालं? १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला, की नवऱ्याकडून वारसानं आलेली मालमत्ता हे बाईचं स्त्रीधन नाही. विज्ञानेश्वरानं दिलेला मोठा अर्थ तिथं कापला गेला. विधवेला मालमत्ता मिळे ती जन्मभर खाण्यापुरती. ती मेल्यावर ती नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. मोठी गरज दाखवल्याशिवाय तिला विकता येत नसे. आपण जिला ‘जुनी रीत’ म्हणतो, तिच्यात असा एक तुकडा लंडनमध्येही शिवला गेला आहे.

आपल्या वऱ्हाडात तर आणखी एक गुंता होता. हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण मालकी निजामाचीच राहिली. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्यानं घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी जिल्हा होतं, १९०५ पासून यवतमाळ. कागदावर वऱ्हाड इंग्रजांचा नसल्यामुळे इंग्रजी कायदे इथं आपोआप लागू होत नसत. वेगळा हुकूम काढून एकेक कायदा इथं लावावा लागे. हा घोळ बऱ्याच अंशी मिटवायला १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ करावा लागला. नागपूरला उच्च न्यायालय झालं ते १९३६ साली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात.

याच काळात जमिनीची नोंद बसली. शेजारच्या नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करणारा मालगुजार मधे. वऱ्हाडात मुंबईसारखी रयतवारी होती. वावर मोजलं, त्याला नंबर दिला आणि सारा भरणाऱ्याचं नाव खात्यावर चढवलं. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा, एवढंच त्यातून पाहायचं होतं. घरचा सारा भरायला पुरुष जाई, म्हणून नावही त्याचं चढलं. आजचा सातबारा त्याच वहिवाटीतला. तो महसुलाचा कागद आहे. निव्वळ सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून कोणाचा हक्क मरत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. तरी बँकेत आणि योजनेत विचारतात सातबाराच. म्हणून नाव लावणंही तेवढंच गरजेचं.

आता तिसरा झरा, लिहून केलेल्या कायद्यांचा. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला, पण तोही जन्मापुरता. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल लावून धरलं. विखुरलेले नियम एका जागी आणावेत आणि बाईला पूर्ण मालकी द्यावी, हा त्याचा गाभा. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं.

पुढे त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे मंजूर झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना तो लागतो. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा, हे तेव्हाच ठरलं. बाईच्या हाती जन्मापुरती असलेली मालमत्ताही या कायद्यानं तिच्या पूर्ण मालकीची केली. १८६७ चा काप जवळपास ९० वर्षांनी असा भरून निघाला.

राहिली होती वडिलोपार्जित जमीन. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला जन्मानं हिस्सेदार केलं, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर दुरुस्ती झाली आणि लग्नाची अटही गेली. बाप २००५ च्या आधी गेला असेल तर काय, यावर न्यायालयांत मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप त्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी पुन्हा उकरता येत नाही.

पण आपल्या गटात सगळ्यांना एकच वारसा कायदा लागत नाही. मुसलमान बहिणीला शरियतचा कायदा लागतो. त्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेला आहे. मृत्युपत्रानंही एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता बाहेर देता येत नाही. गोंड, कोलाम, परधान या आपल्या जिल्ह्यातल्या अनुसूचित जमाती. त्यांना १९५६ चा कायदा लागत नाही, त्यांची रूढी लागते. मग रूढीच्या नावानं आदिवासी बाईला काहीच नाही का? छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बाईला वगळणारी रूढी कोणी सिद्ध केलेली नसताना ‘तिला हिस्सा देणारी रूढी दाखव’ म्हणून तिलाच बाहेर ठेवता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आधार घेतला संविधानातल्या समानतेचा आणि त्या जुन्या ‘न्याय, समता आणि सद्सद्विवेका’चा. इंग्रजांच्या वेळचं तत्त्व आज आदिवासी बाईच्या कामी आलं. मिश्र कायद्यात असंही होते.

इथून गोव्याकडे एक नजर टाकू. तिथे पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी कायद्याची परंपरा गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक, धर्म कोणताही असो. आपल्याकडे नवरा जिवंत असताना त्याच्या वावरात बायकोची अशी मालकी नसते. वर्षभर ती निंदते, वेचते, पण खात्यावर तिचं नाव नसते. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला मोठं अधिवेशन भरवलं. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम दिला, म्हणजे शेतकऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायची. राज्य सरकारनंही त्याच नावाची योजना आणली, तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. आपल्या जिल्ह्यात नवऱ्यामागं वावर सांभाळणाऱ्या बाया गावोगाव आहेत. नाव आधीच लागलेलं असेल, तर त्या दिवसांत कचेरीच्या खेपा किती वाचतात, हे त्यांनाच विचारा.

मग करायचं काय? घरात कोणी गेलं, तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या आणि त्यात मुलींची नावं आहेत का ते पाहा. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात, ती लेखी घ्या आणि पोच घ्या. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय जमिनीचा हक्क जात नाही. पण नोंदवलं, की तो परत मिळवणं फार जड जाते. म्हणून कागद घरी आणा, गटात मोठ्यानं वाचा. पैशाअभावी वकील लावता येत नसेल, तर विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

कोणी म्हणेल, हिस्सा मागितला तर माहेर तुटते. ही भीती खोटी नाही. भाऊबीजेचं ताट आणि सातबारा यांतलं एक निवडायला लावतात, म्हणूनच पुष्कळ जणी सही करतात. एखादीनं समजून-उमजून भावाला हिस्सा सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. पण जे आपलं आहे हे माहीत असते, तेच सोडता येते. ‘तुझं काही नाहीच’ असं सांगून घेतलेली सही म्हणजे सोडणं नव्हे.

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी कोणी ‘आपल्यात असंच असते’ म्हणालं, तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा : “कोणत्या कायद्यानं?” शास्त्र म्हणाले, तर १९५६ सांगा. जुनी वाटणी म्हणाले, तर तारीख आणि नोंदणी मागा. रूढी म्हणाले, तर ती दाखवायला सांगा. या आठवड्यात गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापल्या घरचा सातबारा आणावा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, ते मोठ्यानं वाचावं.