गुदमरणारें एंजिन

जुनी मोटार ज्यांच्या घरीं असेल त्या श्रोत्यांना हा अनुभव नवा नाहीं. गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते. परंतु पुढची मालमोटार ओलांडण्यासाठीं जोर द्यावा, तों एंजिन वेग घेण्याऐवजीं खोकूं लागतें, काळ्या धुराचा लोट सोडतें आणि ऐन चढावर बंद पडतें. कारागीर प्रथम ठिणगी पाहतो, मग पेट्रोलची नळी, आणि शेवटीं बहुधा कार्बुरेटर उघडून बसतो. त्याला ठरवावयाचें असतें तें एवढेंच कीं, एंजिन उपाशी आहे कीं त्याला अजीर्ण झालें आहे. पेट्रोल कमी पडलें तरी एंजिन थांबतें, आणि फाजील झालें तरीही थांबतें. उपाय मात्र अगदीं उलट. इ. स. १९४० सालीं हाच प्रश्न इंग्लंडच्या आकाशांत उभा राहिला, आणि तेथें रस्त्याच्या कडेला उतरून पाहण्याची सोय नव्हती.

त्या वर्षीं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जर्मन विमानदळ व ब्रिटिश विमानदळ यांचा घनघोर संग्राम चालला होता. ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचें ‘मर्लिन’ एंजिन असे. बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें, मोठें दमदार. त्याचा कार्बुरेटर एस्. यू. कंपनीचा होता. ही कंपनी मूळची मोटारींच्या कार्बुरेटरांची. १९२६ सालीं ती मॉरिस मोटारींचे निर्माते विल्यम मॉरिस यांनीं विकत घेतली होती. म्हणजे रस्त्यावरची विद्याच आकाशांत गेली होती, आणि जातांना आपली एक खोड बरोबर घेऊन गेली.

ती खोड अशी. घरच्या पाण्याच्या टाकींत जसा तरंगता गोळा असतो, पाणी चढलें कीं तो वर येऊन तोटी बंद करतो व पाणी उतरलें कीं खालीं जाऊन ती उघडतो, तशीच व्यवस्था कार्बुरेटरच्या लहानशा कोठींत पेट्रोलसाठीं केलेली असते. ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे: पेट्रोल नेहमीं तळाशीं राहील. मोटार रस्त्यावर असेपर्यंत तें खोटें पडण्याचें कारण नाहीं.

पाठलाग होत असलेला जर्मन वैमानिक आपल्या विमानाचें नाक एकाएकीं खालीं दाबून सूर मारी. त्याच्या मेसरश्मिट विमानांतील डेम्लर-बेन्झ एंजिनांत कार्बुरेटर नव्हताच. पेट्रोल पंपानें थेट सिलिंडरांत फवारलें जाई. मागून स्पिटफायरनेंही तसाच सूर मारला कीं, कोठींतील पेट्रोल उसळून छताला जाई आणि तळाच्या तोंडाशीं पेट्रोल उरत नसे. एंजिन उपासानें अडखळे. तेवढ्यावर भागतें तरी बरें होतें. पण पेट्रोल वर गेलें म्हणजे तरंगता गोळा उलट तळाकडे ढकलला जाई. कोठी रिकामी आहे असें समजून तोटी सताड उघडे आणि पंपाच्या पूर्ण जोरानें पेट्रोल आंत लोटे. मग एंजिन काळा धूर ओकून अजीर्णानें बंद पडे. तोंवर शत्रु निसटलेला असे, किंवा दुसरा कोणी पाठीवर आलेला असे. यावर वैमानिकांनीं स्वतःच एक तोड काढली होती: विमान आधीं उताणें करावयाचें व मग सूर मारावयाचा, म्हणजे पेट्रोल तळाशींच राहतें. परंतु त्यांत अमोल क्षण खर्ची पडत.

ब्रिटिश एंजिनिअरांना येथें अगदींच दोष देतां येत नाहीं. कार्बुरेटरांत पेट्रोलची वाफ होतांना हवा थंड व घट्ट होते आणि एंजिनाची शक्ति वाढते. हा लाभ त्यांना सोडवत नव्हता.

फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेंत या दुखण्याची तपासणी बिॲट्रिस शिलिंग या बाईंकडे होती. त्यांचा जन्म १९०९ चा. मँचेस्टर विद्यापीठांतून विजेच्या एंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्या १९३६ सालीं संस्थेंत आल्या. त्याआधीं, १९३४ सालीं, ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनीं नॉर्टन मोटारसायकल ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें पिटाळून सुवर्णतारका मिळविली होती. एंजिनाचा आवाज बिघडला म्हणजे काय होतें, हें त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या.

दोन दुखण्यांपैकीं घातक तें दुसरें, अजीर्णाचें, हें ओळखून त्यांनीं त्यावरच बोट ठेविलें. पूर्ण शक्ति लावली असतां एंजिनाला जेवढें पेट्रोल लागतें, जवळजवळ तेवढेंच जाऊं शकेल असें नेमक्या मापाचें छिद्र असलेली धातूची लहानशी चकती त्यांनीं पेट्रोलच्या वाटेंत बसविली. आतां तोटी कितीही उघडली तरी पचेल त्याहून फारसें अधिक आंत जाणें शक्य नव्हतें. क्षणभर अडखळणें राहिलें, गुदमरणें गेलें. विशेष हें कीं, ही चकती बसविण्यासाठीं विमान कारखान्यांत परत न्यावें लागत नसे. १९४१ च्या मार्चपर्यंत शिलिंगबाई व त्यांचे सहकारी विमानतळांमागून विमानतळ पालथे घालून तें काम उरकीत होते.

उपाय कायमचा नव्हता. विमान फार वेळ उताणें चालविणें या चकतीनें साधत नसे. पुढें १९४३ च्या सुमारास दाबाचे नवे कार्बुरेटर आले, तेव्हां तिची गरज उरली नाहीं.

वैमानिकांनीं त्या चकतीला ‘मिस् शिलिंगचें छिद्र’ असें थट्टेचें नांव दिलें. वस्तुतः त्या तेव्हां मिस् नव्हत्याच. १९३८ सालीं जॉर्ज नेलर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. थट्टा लोकांच्या लक्षांत राहिली. ती करणाऱ्या बाईंची विद्या मात्र बरीच वर्षें मागेंच पडली. युद्धानंतर पतिपत्नी दोघेंही मोटारींच्या शर्यतींत उतरत. १९६९ पर्यंत त्या फार्नबरो येथेंच काम करीत होत्या. १९९० सालीं त्यांचें निधन झालें.