मोठी गाडी, लांबचं गॅरेज: जीपपासून लक्झरी एसयूव्हीपर्यंतचा हिशोब

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय गाड्यांचा आहे, पण त्यात जमीन, बँक, कायदा आणि आपली पोरं, सगळंच येतं.

आपल्या मारेगावात कोणी मोठी गाडी घ्यायची म्हटली की चर्चा तीन गोष्टींवर होते. किंमत किती, हप्ता किती, अ‍ॅव्हरेज किती. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही: सातव्या वर्षी ही बिघडली तर उघडणार कोण आणि किती घेणार? माझ्या मते गाडीचा खरा भाव या चौथ्या प्रश्नात असतो. आणि हा प्रश्न विचारायची आपल्याला सवय का नाही, याला इतिहास आहे.

सुरुवात जीपपासून करू. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. धंदा पोलादाचा. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इकडे कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला सुटे भाग आणून अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. मूळ गाडी दुसऱ्या महायुद्धातली. तिची रचनाच अशी की रणांगणावर शिपायानं पाना घेऊन ती उघडावी आणि पुन्हा चालती करावी.

२ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ही जीप खेड्यापर्यंत पोचली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा ‘बीडीओ साहेबाची जीप’ हा शब्दच आपल्या बोलीत बसला. म्हणजे खेड्याला मोठी गाडी पहिल्यांदा दिसली ती सरकारची. इंधन सरकारचं, ड्रायव्हर सरकारचा, दुरुस्तीचं बिलही सरकारचं. मोठ्या गाडीचा रुबाब आपण तेव्हापासून पाहत आलो. बिल मात्र आपल्याला कधी दिसलंच नाही.

नंतर ट्रॅक्स आली, कमांडर आली, काळी-पिवळी आली. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातली दोन अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलेलं. १९९८ ला सफारी, २००० ला बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ. यातल्या बऱ्याच गाड्या पुणे, पिंपरी, नाशिक भागात तयार झालेल्या, म्हणजे महाराष्ट्राच्याच. बिघडत नव्हत्या असं मुळीच नाही. चांगल्याच बिघडत होत्या! पण पाटे तुटले तर वणीत मिळत, क्लच प्लेट पांढरकवड्यात मिळे, आणि इंजिन काम करणारा मिस्त्री तालुक्यात सापडे. दहा माणसं कोंबून वणी-करंजी रस्त्यावर धावणारी काळी-पिवळी संध्याकाळी बंद पडली तर सकाळी पुन्हा स्टँडवर उभी राही. तिचा भरवसा फक्त लोखंडात नव्हता. तो जवळच्या मिस्त्रीच्या हातात होता.

२००० नंतर चित्र बदललं. औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडा आली आणि तिथंच पुढे ऑडीच्या क्यू-५, क्यू-७ जोडल्या जाऊ लागल्या. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये टोयोटाची फॉर्च्युनर आली आणि पाहता पाहता पुढाऱ्यांची खूण झाली. मग पुढाऱ्यांच्या मागच्यांची. मग ठेकेदारांची.

याच काळातली एक घटना मराठी माणसानं विसरू नये. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. मागास म्हणवणाऱ्या मराठवाड्यानं हे केलं म्हणून देशभर कौतुक झालं. पी. साईनाथ यांनी त्यावर ‘द हिंदू’त लिहिलं, तेव्हा दुसरी बाजू पुढे आली. स्टेट बँकेनं या गाड्यांना ४० कोटींहून अधिक कर्ज दिलं होतं, तेही ७ टक्क्यांनी. आणि त्याच भागातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जावर जवळपास दुप्पट व्याज भरत होता. चारच वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या विदर्भात आले होते आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते. कशासाठी, ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

सांगायचा मुद्दा असा की मोठी गाडी घेणं बँकेनं सोपं केलं. ती सांभाळणं कोणीच सोपं केलं नाही.

आता यंत्राकडे येऊ, कारण खर्च तिथून सुरू होतो. जुन्या जीपचं डिझेल इंजिन पाना-पकडीनं खुलत होतं. आजच्या इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबानं, केसाएवढ्या बारीक भोकांतून फवारलं जातं. त्यात पाणी किंवा कचरा गेला की नोझल गेलं, आणि एक गेलं की मिस्त्री चारही बदलायला सांगतो. बीएस-३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चाले. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आलं तेव्हा ते ५० वर आलं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नं १० वर आणलं. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासोबत धुराच्या नळीत काजळी पकडणारी जाळी आली, डीपीएफ म्हणतात ती. ही जाळी साफ व्हायला आतली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळावी लागते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगानं पळावी लागते. आपली गाडी घरून तहसील, तहसीलवरून बाजार समिती, तिथून घर. जाळी तुंबणार नाही तर काय होईल?

वर एअर सस्पेन्शन. पाट्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे, सोबत कॉम्प्रेसर आणि सेन्सर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही ऑटोमॅटिक फोर-व्हील गाडी रस्त्यात बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करता येत नाही, गिअरबॉक्स बसतो. फ्लॅटबेड बोलवावा लागतो, नागपूरहून. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर.

आमच्याच एका नातलगानं जुनी, सहा वर्षं वापरलेली परदेशी बनावटीची एसयूव्ही घेतली. नव्या बोलेरोच्या भावात मिळाली म्हणून खूश. दुसऱ्या पावसाळ्यात एका बाजूनं बसली. वणीच्या मिस्त्रीनं खालून पाहिलं आणि सांगितलं, “भाऊ, फुगा फुटून राहिला, पण माह्यापाशी याचा स्कॅनर नाही.” नागपुरात फक्त एका चाकाचं एस्टिमेट लाखाच्या वर निघालं. गाडी तीन महिने गोठ्याशेजारी उभी होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं, ते बिल वेगळं. गाडी जुन्या भावात मिळते, पण सुटे भाग नव्याच गाडीच्या भावात येतात, हे घेताना कोणी सांगत नाही.

‘विमा आहे ना!’ असं म्हणाल. विमा अपघाताचा असतो. झिजून, बिघडून गेलेल्या भागाचा साध्या पॉलिसीत नसतो. आणि अपघातातही रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घट धरतात, झिरो-डेप घेतलं नसेल तर. विम्याच्याच तक्त्यानं पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरली जाते. ४० लाखांची गाडी म्हणजे २० लाख गेले. दिवसाला जवळपास १,१०० रुपये, गाडी उभी असली तरी. २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावानं हा सुमारे २४७ क्विंटल कापूस झाला. बाजारात काही गाड्या भाव टिकवतात, फॉर्च्युनर त्यात येते. जर्मन, ब्रिटिश गाड्या लवकर उतरतात, आणि त्याचं कारण हेच: दुसऱ्या मालकाला दुरुस्तीची भीती असते.

कंपनीच निघून गेली तर? हेही झालंय. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, कॅप्टिवावाले राहिले. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, एन्डेव्हरवाले राहिले. आपल्या चाकणला जोडली जाणारी रेक्स्टन घ्या. मूळ कंपनी कोरियाची सँगयाँग, मालकी महिंद्राची. डिसेंबर २०२० मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली आणि पुढे दुसऱ्याच गटाच्या हाती पडली. सुटे भाग पुरवत राहू, असं जाणाऱ्या कंपन्या सांगतात. पण तो भाग किती दिवसांत मारेगावात पोचेल, हे त्यात लिहिलेलं नसतं.

इथं कायद्याचा भाग येतो, आणि माझ्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. टाटा, महिंद्रा, मारुतीपासून मर्सिडीज, बीएमडब्ल्यूपर्यंत सगळे त्यात होते. ठपका असा की अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी जाण्याची भीती दाखवतात. कंपन्या न्यायालयात गेल्या, वर्षं गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्येच मतदान घेऊन गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडं केंद्रानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात गाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टलवर कंपनीच्याच सेवा केंद्राचा पत्ता मिळतो. वणीच्या मिस्त्रीला स्कॅनर त्यातून मिळालेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला, सुटे भाग १८ टक्क्यांवर आले. गाडी घेणं आणखी सोपं झालं. वेकोलिच्या खाणीत जमीन गेली की मोबदल्यातून दारात गाडी येते, हे आपण वणीकडं कितीदा पाहिलंय. कोणी हौस केली तर माझी हरकत नाही. ज्याच्या बापानं आयुष्यभर बैलबंडी हाकली, त्यानं चांगल्या गाडीत बसावंच. पण जमीन एकदाच विकली जाते, आणि गाडी दर वर्षी पैसे मागते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कंपनीनं सुट्या भागांचे भाव गाडी विकताना लेखी द्यावेत. मॉडेल बंद झालं तरी किमान दहा वर्षं भाग पुरवायचं कायदेशीर बंधन असावं. तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी भावात बाहेरच्या गॅरेजला मिळावं. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांच्या हाती हा स्कॅनर पहिल्या वर्षीच यावा. नाहीतर गाड्या इथल्या रस्त्यावर धावतील आणि त्यांच्या दुरुस्तीचा सगळा पैसा नागपूरला जाईल.

ज्यांच्याकडं पाच वर्षांहून जुनी मोठी गाडी आहे, त्यांनी कमेंटमध्ये लिहा: गेल्या वर्षीचं दुरुस्तीचं बिल किती, आणि गाडी किती दिवस उभी होती. कंपनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. घेणाऱ्याला निदान आकडा तरी कळू द्या.